ओढीच्या पाण्यात गळ टाकताय? शिसं वाढवण्याआधी या चुका टाळा

कोयना धरणाच्या पायथा वीजगृहाचं एक युनिट चालू झालं की नदीत १०५० क्युसेक पाणी सुटतं, दोन्ही चालू झाली की २१००. पाटण ते कराड काठावर बसणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. मघापर्यंत तळाला बसलेलं शिसं (गळाचं वजन) सरकू लागतं आणि गळ काठाला येऊन लागतो. मग बहुतेक जण करतात ती पहिली चूक.

शिशावर शिसं चढवणं
ओढ नुसत्या शिशाला लागत नाही, खरा मार तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोरीला बसतो. आडव्या पडलेल्या तंगुसाला पोट येतं आणि ते शिशाला खेचून नेतं. तंगूस दुप्पट जाड असेल तर ओढही दुप्पट, पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट. म्हणून आधी ०.६० मिमीचा दोर काढून ०.३५ चा लावून बघा. काठी उभी ठेवा, म्हणजे तंगूस कमी भिजेल. समोर न फेकता वरच्या अंगाला फेका आणि शिसं तळाला टेकलं की दोन-तीन मीटर तंगूस ढिला सोडा. आता खेच तळालगत, खालच्या अंगाने येते आणि तेच शिसं धरून राहतं.

वाकण्याची वाट बघणं
अशा मांडणीत मासा लागला की शिसं सुटतं, आणि काठीचं वाकलेलं टोक आणखी वाकायचं सोडून एकदम सरळ होतं. नवखा इथे ‘शिसं घसरलं’ म्हणून बसून राहतो. भराभर रील गुंडाळा, ताण आला की मगच झटका द्या.

गोल शिसं
ते गडगडत जातं. वाळूत टोकदार, कोनी शिसं रुततं. गुळगुळीत तळाला चपटं बरं. दगडगोट्यांत काहीही अडकणारच, तेव्हा शिसं वेगळ्या, कच्च्या दोऱ्याने बांधा. तुटलं तर तेवढंच जाईल. तिथे शिशाऐवजी बोल्टचा जुना नट बांधणारे मला जास्त शहाणे वाटतात. आणि शिसं दाताने दाबू नका, ते विषारी आहे; पक्कड कशाला असते?

भर धारेत फेकणं
लांब फेकल्याचं समाधान मिळतं, मासा क्वचितच. शिंगटा जोराची धार आणि संथ पाणी जिथे भेटतात तिथे किंवा मोठ्या दगडाआड सापडतो, वाम तर कपारीतच.

शिशापासून गळापर्यंतची दोरी हातभर ठेवाल तर ती गरगरते; वीतभर पुरे, वर स्विव्हल (फिरती कडी).

तंगुसाला पाला गुंडाळला की शिसं पुन्हा सरकतं, तेव्हा अधूनमधून ओढून साफ करा. पाला-काटक्या अचानक वाढल्या आणि पाणी गढूळलं तर वरून विसर्ग वाढला असं धरून चाला. मधल्या खडकावर असाल तर काठी राहू द्या, आधी काठ गाठा.