घरच्या घरी टो-इन

इंदूरला आमच्या मिनी ट्रकचे पुढचे टायर विचित्र झिजत होते. हात एकीकडे फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला की बोचरा. म्हणजे टो, अर्थात पुढची चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, बिघडलेला. सरळ बीमच्या ॲक्सलवर (दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर) घरी जमण्यासारखं तेवढंच. चाकाचा आणि त्याच्या वळण्याच्या अक्षाचा कल, म्हणजे कॅम्बर-कॅस्टर, यांच्या वाटेला जाऊ नये. चाक ज्यावर वळतं ते किंगपिन ढिले नाहीत ना, ते आधी पाहिलं. मग सपाट जागी दोन्ही टायरच्या मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूची खूण करून अंतर मोजलं. गाडी ढकलून त्याच खुणा पुढे आणल्या, पुन्हा मोजलं. रिम थोडी वाकडी असली तरी यात फसगत होत नाही. पुढचं अंतर जास्त निघालं, म्हणजे चाकं पुढून बाहेर वळलेली; टो-इन, म्हणजे पुढून आत वळणं, वाढवायला हवा होता. क्लॅम्प सैल करून दोन्ही चाकांना जोडणारा टायरॉड फिरवला. तो ॲक्सलच्या मागे असेल तर लांबवल्यावर टो-इन वाढतो. मॅन्युअलमधला आकडा जुळल्यावर आवळला. देवास नाक्यापर्यंत गाडी सरळ चालली. स्टिअरिंग मात्र किंचित डावीकडे राहतं. ते ड्रॅग लिंकचं, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं काम, रविवारी बघू.