कमोड आणि पाइपचं तोंड जुळत नसेल तर

सोसायटीची परवानगी घेतलीत, जुना कमोड निघाला, पाइपच्या तोंडात बोळा कोंबलात, की खरं काम सुरू होतं.

एस-ट्रॅप कमोडचं, म्हणजे ज्याचं तोंड खाली फरशीतल्या पाइपात जातं त्याचं, 220 किंवा 300 मिलिमीटर हे अंतर पाइपच्या मध्यापासून तयार टाइलपर्यंत धरायचं, उघड्या भिंतीपर्यंत नाही. नेरूळच्या आमच्या घरात मिस्त्रीने उघड्या भिंतीपासून 220 मोजलं. टाइल आणि खालच्या मसाल्याने 35 मिलिमीटर खाल्ले. कमोड भिंतीला टेकला, पण त्याचं तोंड पाइपच्या पुढे आलं. मिस्त्रीने कनेक्टर, म्हणजे कमोडचं तोंड पाइपला जोडणारा रबरी पात्यांचा तुकडा, तिरका दाबून बसवला आणि फट व्हाइट सिमेंटने बुजवली. दोन महिन्यांत खालच्या काकूंच्या छताला पिवळा डाग आला. वरून थेंबही दिसत नव्हता.

म्हणून कोणी "सिमेंट भरू, काही होत नाही" म्हणालं तर काम तिथेच थांबवा. सिमेंटने जोड पाणीबंद होत नाही, आणि पुढे कमोड काढायचा झाला तर तो फोडावाच लागतो.

आधी कमोड कोरडाच ठेवून पाहा. तो आडवा करून मागच्या कडेपासून तोंडाच्या मध्यापर्यंत मोजा, मग तयार भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंत. फरक बोटभर किंवा थोडा जास्त असेल, तर त्या मापाचा ऑफसेट पॅन कनेक्टर, म्हणजे दोन्ही तोंडं एका रेषेत नसलेला कनेक्टर, चालतो. एका कनेक्टरला दुसरा जोडू नका, तुंबणारच. फरक त्याहून मोठा असेल तर संक (बाथरूमच्या फरशीखालचा पाइपांसाठीचा खोलगट भाग) फोडून 110 मिलिमीटरचा पाइपच सरकवा. खर्च टोचतो, पण दुसरा मार्ग नाही. काटकोनी बेंडऐवजी 45 अंशांचे दोन वापरा, मीटरला सुमारे 25 मिलिमीटर उतार द्या. वॉटरप्रूफिंग नव्याने करून संकमध्ये 24 तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या घरी जाऊन छत बघा.

पाइप सरळ कापा, कडेची कूस कानशीने घासा, नाहीतर रबराची पाती फाटतात. रबराला साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा तेल अजिबात नको, रबर फुगतं. सगळी पाती पाइपच्या आत गेली पाहिजेत.

कमोड बसवून स्क्रू आवळा, कडेने वर्तमानपत्राच्या पट्ट्या सरकवा आणि तीन बादल्या झपकन ओता. रात्रभर पट्ट्या कोरड्या राहिल्या तरच सिलिकॉन भरा, तेही मागे बोटभर जागा सोडून. पुढे कधी गळलंच तर पाणी तिथून तुमच्याच फरशीवर येईल.