दाराआडून 'ऊटा आतेन?': कुमारांसाठी भयकथा कशी लिहावी

भुतापासून सुरुवात करू नका. घरात कोणत्या गोष्टीवर बोलणं बंद झालंय ते आधी एका ओळीत लिहा. उदाहरणार्थ, 'आज्जी गेली त्या रात्री अप्पांनी फोन उचलला नव्हता.' आवाज, सावली, वास, सगळं या ओळीतून निघालं पाहिजे. जे निघत नाही ते कितीही भीतीदायक असलं तरी कापा.

घर एकच घ्या: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीकडचं कौलारू घर, जुलै महिना, वीज गेलेली. अडीच-तीन हजार शब्दांना माजघर, माळा आणि कुलूप लावलेली एक खोली पुरते. पाऊस मात्र पानोपानी पाडू नका, वाचकाला तो ऐकू येईनासा होतो. खोलीजवळ पोचल्यावर पाऊस थांबवा आणि कौलांवरून गळणारा एकेक थेंब ऐकवा.

सीमाभागाकडे भाषा आहे, ती वापराच. मराठी घरात दिलेली धारवाडकडची आज्जी रोज रात्री 'ऊटा आतेन?', म्हणजे 'जेवण झालं का?', असं विचारायची. ती गेल्यापासून घरात कानडी बंद. कथेत हा अर्थ कंसात देऊ नका. पहिल्याच प्रसंगात 14 वर्षांच्या नातवासमोर ताट ठेवताना तिच्या आठवणीतून हा प्रश्न येऊ द्या, म्हणजे पुढं दाराआडून आला की काही समजावून सांगावं लागत नाही.

सुतकाचे दहा दिवस हा कथेचा तयार सांगाडा. पिंडाला न शिवणारा कावळा फार वापरून झालाय. त्यापेक्षा काही घरांत दिव्याजवळ पीठ पसरून टोपली झाकतात आणि सकाळी त्यावर कुणाची पावलं उमटली ते बघतात, ती रीत घ्या. घराघरांत फरक असतो, गावातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून मगच लिहा. टोपली उचलल्यावर पाऊल दाखवू नका. पीठ हातानं पुसलेलं दिसू दे आणि अप्पांच्या बाहीला पीठ लागलेलं. पोराची भीती इथून बापाकडे वळते.

कथा बिघडते ती बहुधा मांत्रिक आल्यावर. त्यानं भूत घालवलं की अप्पांना काही बोलावंच लागत नाही. दुसरी चूक जास्त गंभीर आहे: मेलेल्या माणसाला भेटण्याचा रस्ता म्हणून मरण दाखवणं. वाचक 13 ते 16 वर्षांचा आहे, त्याच्या घरात नुकतंच कुणी गेलेलं असू शकतं. पोराचं ऐकून घेणारं एक मोठं माणूस कथेत हवंच, आत्या असो की शेजारची काकू.

शेवटी कुलूप उघडू नका. रात्री दाराआडून तोच प्रश्न येतो, आणि इतके दिवस न ऐकल्यासारखं करणारे अप्पा दाराला कपाळ टेकून कानडीत 'झालं, आई' म्हणतात: 'आतु, अव्वा.' तिथंच थांबा.