मुलांचं स्कोलिओसिसचं ऑपरेशन: पालकांनो, या चुका टाळा

लेकीच्या पाठीच्या कण्याला बाजूला बाक आला होता, त्यालाच स्कोलिओसिस म्हणतात. ऑपरेशन करायचं ठरलं त्या दिवशी ओपीडीत आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो होतो. एक्स-रेवर रेघा मारून ते समजावत होते: कॉब अँगल, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला बाक, 52 अंश आहे, ब्रेसचा, म्हणजे अंगाभोवती घालायच्या कडक पट्ट्याचा, उपयोग होण्याची वेळ आता निघून गेली. मी खर्च विचारत होते, हिचे बाबा धोका विचारत होते. 14 वर्षांची लेक आमच्या मधल्या खुर्चीत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. बाहेर पडताना तिने हळूच विचारलं, "आई, मला परत खो-खो खेळता येईल ना?" मी म्हणाले, "आधी बरी तर हो."

आमच्या सगळ्या चुकांमध्ये मला हीच सगळ्यात मोठी वाटते. तिचा एकुलता एक प्रश्न मी उडवून लावला. मग तिने पुढचे प्रश्न मला विचारलेच नाहीत. रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन ती ऑपरेशनचे व्हिडिओ बघायची, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. तोवर तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की आपण आता काठीसारख्या ताठ होणार आणि कधीच वाकता येणार नाही.

तुमच्या मुलाला किंवा मुलीला एक छोटी वही द्या. मनात येईल ते त्यात लिहू दे, आणि पुढच्या भेटीत प्रश्न त्यांनाच विचारू दे. माझ्या लेकीच्या वहीत होतं: व्रण किती लांब असेल? शुद्धीवर येताना नळ्या कुठे कुठे असतील? माझे कपडे कोण बदलणार? पाळी आली तर? यातला एकही प्रश्न मला सुचला नव्हता. डॉक्टरांना सांगून पाच मिनिटं तिला एकटीला बोलू द्या. आईसमोर न विचारता येणारं या वयात पुष्कळ असतं.

कुणाचं चुकलं हे शोधत बसणं

घरात वाक्यं सुरू होतात. दप्तर जड होतं. सारखी मोबाइलमध्ये वाकून बसायची. ताठ बस म्हणून कितीदा सांगितलं! आमच्याकडे आजी हे रोज म्हणायच्या, आणि मायेनेच म्हणायच्या. पण या वयात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या स्कोलिओसिसला इडिओपॅथिक म्हणतात, म्हणजे त्याचं नेमकं कारण सापडलेलं नाही. दप्तराने किंवा पोक काढून बसल्याने तो होत नाही. मणके बाजूला झुकतात आणि स्वतःभोवती पीळही घेतात. म्हणून तर मूल पुढे वाकलं की एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसतात. ताठ बसून हा पीळ सुटत नाही.

ब्रेसवरूनही असाच दोष दिला जातो. "नीट घातला असतास तर ही वेळ आली नसती," हे मी स्वतः एकदा बोलून गेले, आणि तिचा चेहरा अजून आठवतो. ब्रेसचा उपयोग होतो, आणि जितके तास घालावा तितका जास्त होतो, हे खरं आहे. अमेरिका आणि कॅनडातला 2013 साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात ब्रेस घातलेल्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला, आणि न घातलेल्यांपैकी 48 टक्के मुलांचा. म्हणजे ब्रेस घालूनही काहींचा बाक पुढे गेलाच. ऑपरेशनला निघालेल्या मुलाला हा हिशेब ऐकवून काय साधणार? तो विषय घरात बंद करा.

"दहावी होऊ दे, मग बघू"

हे ऑपरेशन सहसा आज-उद्या करावं लागेल असं तातडीचं नसतं. त्यामुळे परीक्षा, सुट्टी यांचा विचार करून तारीख ठरवण्यात काही चूक नाही, फक्त ती डॉक्टरांसोबत बसून ठरवा. वाढीचा जोर असलेल्या वयात बाक काही महिन्यांत बराच वाढू शकतो. साधारण 50 अंशांच्या पुढचा बाक उंची वाढायची थांबल्यावरही हळूहळू, वर्षाला अंशभर वाढत राहण्याची शक्यता असते. आम्ही आठ महिने घालवले ते परीक्षेसाठीही नव्हे. कुणीतरी सांगितलं म्हणून एका मालिशवाल्याकडे दर रविवारी जात होतो. तेल लावल्यावर पाठीला बरं वाटायचं, आणि आम्ही ते बरं वाटणं म्हणजेच सुधारणा समजलो. त्या आठ महिन्यांत बाक 43 वरून 52 वर गेला.

मुलगी असेल तर लग्नाचा विषय निघणारच. पाहुणे तिच्यासमोर बोलतात, "पाठीत लोखंड घातलेली मुलगी कोण करून घेईल?" त्याच क्षणी, तिच्या देखत त्यांना थांबवा. मी तेव्हा पाहुण्यांचा मान राखायला गप्प बसले, आणि माझ्या गप्प बसण्याचा तिने घेतलेला अर्थ पुसायला मला फार दिवस लागले. हे ऑपरेशन झालेल्या मुली पुढे आई होतात, नॉर्मल डिलिव्हरीही होते. पाठीत असतं ते बहुतेक वेळा टायटॅनियम किंवा कोबाल्ट-क्रोम. आयुष्यभर तिथेच राहिलं तरी चालतं.

एखाद्या लांबच्या आत्याला महिनोन्महिने प्लास्टरमध्ये ठेवल्याची गोष्टही कुणीतरी सांगेल. ती खोटी नसेल, पण जुन्या काळातली आहे. तेव्हाच्या सळईला फक्त वरच्या आणि खालच्या टोकाला हुक असायचे, म्हणून बाहेरून प्लास्टर लागायचं. आता मणक्यांत स्क्रू बसवून दोन सळया जोडतात. मूल बहुतेक दुसऱ्या दिवशीच उभं राहतं.

तयारीत राहून जाणाऱ्या गोष्टी

हिमोग्लोबिन आधीच तपासा. आपल्याकडे या वयाच्या मुलींचं ते बरेचदा कमी असतं, आणि या ऑपरेशनमध्ये रक्त जातं. लोहाच्या गोळ्यांना गुण यायला काही आठवडे लागतात, आदल्या आठवड्यात धावाधाव करून भागत नाही. रक्तदाते किती लागतील तेही ब्लड बँकेत आधी विचारा. घरात कुठलं आयुर्वेदिक औषध, काढा, कॅप्सूल चालू असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा.

पैशांचं म्हणाल, तर एस्टिमेटमध्ये इम्प्लांट धरलंय की वेगळं, हे स्पष्ट विचारून घ्या. बिलातला मोठा आकडा तोच असतो. मेडिक्लेम असेल तर टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेची, मंजुरी आधी हातात हवी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसेल का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे कागद घेऊन जाऊन विचारा. ऐकीव माहितीवर हो किंवा नाही धरून चालू नका.

आणि केस. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लांब केस असतील तर ऑपरेशनच्या सकाळी दोन घट्ट वेण्या घाला, कानाच्या बाजूने पुढे येतील अशा. आम्ही मागे एक सैल वेणी घातली होती. चार दिवस उशीवर घासून तिचा असा गुंता झाला की हॉस्पिटलमधल्या मावशींनी आणि मी तेल लावून दीड तास सोडवला, आणि तेवढा वेळ मान धरून बसणं तिला टाक्यांपेक्षा जड गेलं.

ऑपरेशनच्या दिवशी घाबरून जाणं

आत नेल्यापासून बाहेर येईपर्यंत सहा-सात तास सहज जातात. भूल, नळ्या, पालथं झोपवणं यातच बराच वेळ मोडतो. वेळ लागतोय म्हणजे काहीतरी बिघडलंय, असं समजू नका. मज्जारज्जूला इजा होईल का, ही सगळ्यांची मोठी भीती. या वयातल्या इडिओपॅथिक स्कोलिओसिसमध्ये तो धोका शंभरात एकाहून कमी धरला जातो. ऑपरेशन चालू असताना नसांचे संदेश मेंदूपासून पायापर्यंत नीट जातायत का हे यंत्रावर सतत बघतात, त्याला न्यूरोमॉनिटरिंग म्हणतात. तुमच्याकडे ते होणार आहे ना, हे आधीच विचारा.

आयसीयूत पहिल्यांदा बघाल तेव्हा चेहरा सुजलेला असेल, डोळे बारीक झालेले, ओठ जाड. कित्येक तास पालथं राहिल्यामुळे असं होतं आणि दोन दिवसांत उतरतं. मला हे माहीत नव्हतं. मी तिच्यासमोरच रडले आणि तिला वाटलं, ऑपरेशन बिघडलं.

"थोडं सहन कर" हे सांगणं

वेदनेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घरी आल्यावर आम्ही सगळ्यात जास्त इथेच अडखळलो.

हॉस्पिटलमध्ये सगळं शिरेतून चालू असतं. गोळ्यांवर आणतात तो दिवस कठीण जातो, कारण दुखणं एकदम वर येतं. हा टप्पा येणार हे मुलाला आदल्या दिवशी सांगून ठेवा. घरी आल्यावर आम्ही काय केलं, तर दुखेल तेव्हाच गोळी द्यायची. जास्त गोळ्यांची सवय लागेल ही भीती. तिसऱ्या रात्री अडीच वाजता ती हुंदके देत उठली. गोळी दिली, पण गुण यायला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात तिला कूसही बदलता आली नाही. तिचा हात धरून भिंतीवरचं घड्याळ बघत बसण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. सकाळी फोन केला तेव्हा डॉक्टर म्हणाले, पहिले काही दिवस गोळ्या घड्याळ लावून द्या, दुखायची वाट बघू नका. त्या दिवसापासून रात्रीचा डोसही गजर लावून दिला, आणि ती रात्र पुन्हा आली नाही.

फ्रिजवर कागद लावून प्रत्येक गोळीची वेळ लिहा. दुखण्याच्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. वर ताप वाटला म्हणून आणखी एक दिली की डोस दुप्पट होतो. दुकानातून आपल्या मनाने दुसरी पेनकिलर आणू नका.

वेदनाशामकांनी बद्धकोष्ठता होते. पाच-सहा दिवस शौचाला झालं नाही की पोट फुगतं, जेवण जात नाही, आणि कुंथायची भीती वाटते. पोट साफ होण्याचं औषध डिस्चार्जच्या कागदावर आहे का बघा, नसेल तर मागून घ्या. पाणी, ताक, भिजवलेल्या मनुका आणि घरातल्या घरात चालणं, हे पहिल्या दिवसापासून हवं. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा. बाथरूममध्ये प्लास्टिकची भक्कम खुर्ची लागेल.

वजनही आठवड्याला बघा. बारीक अंगाच्या किंवा वजन उतरलेल्या मुलांची पाठ एकदम सरळ झाली की कधीकधी आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर दाब येतो आणि हिरवट उलट्या होतात. ॲसिडिटी समजून घरी थांबू नका.

हाताला धरून उठवणं

पडलेल्या माणसाला आपण हाताला धरून ओढून बसवतो. इथे ते अजिबात करायचं नाही. आधी गुडघे दुमडायचे, खांदे आणि कंबर एकदम वळवून अख्खं अंग कुशीवर घ्यायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपराने-तळहाताने रेटा देत बसायचं. हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट शिकवतील तेव्हा आई आणि बाबा, दोघांनीही शिकून घ्या. आमच्याकडे फक्त मी शिकले होते, आणि मी आंघोळीला गेले की तिला पडून राहावं लागायचं.

घरी नेताना गाडीची घाई नको. आम्ही पुण्याहून साताऱ्याला आलो. निघायच्या अर्धा तास आधी गोळी दिली, पाठीशी उशी लावली, तासातासाला थांबून पाय मोकळे केले. तरी खंबाटकीच्या वळणांवर आणि गावातल्या स्पीड ब्रेकरवर ती माझा दंड घट्ट धरून बसली होती.

भेटायला येणाऱ्यांना पहिले पंधरा दिवस सरळ फोनवर नाही म्हणा. लोक दुखावतात आणि नंतर विसरतात. पण मैत्रिणींना येऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मन खूप खाली जातं, कारण नसताना रडू येतं, आपण दुसऱ्याच कुणाच्या शरीरात आहोत असं वाटतं. लेक एकदा म्हणाली, "आरशात सरळ दिसते, पण ही मी नाहीच." तिची उंची दीड इंचाने वाढली होती, सगळे कुडते आखूड झाले होते. त्या वेळी "बघ किती छान दिसतेस" म्हणण्यापेक्षा जवळ बसून ऐकलेलं तिला बरं वाटलं. हे आठवडेच्या आठवडे टिकलं, किंवा जेवण-झोप सुटली, तर डॉक्टरांना सांगा.

ताप, जखमेतून पाणी किंवा पू, लाली वाढत जाणं, पायात नव्याने आलेला अशक्तपणा किंवा बधिरपणा, लघवी अडणं किंवा आपोआप होणं, पोटरी सुजणं, धाप लागणं: यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तपासणीची तारीख बघत बसू नका, त्याच दिवशी गाठा. टाक्यांच्या आजूबाजूची कातडी बधिर वाटते, ते मात्र बऱ्याच मुलांना काही महिने जाणवतं.

शाळा साधारण सहा आठवड्यांनी सुरू झाली, आधी अर्धा दिवस. वर्गशिक्षकांना भेटून तळमजल्यावरचा वर्ग, पुस्तकांचा दुसरा संच आणि तासाच्या मध्ये उठून चालायची परवानगी मागितली. शाळेने तिन्ही गोष्टी दिल्या.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला मी मुद्दाम मागच्या खुर्चीत बसले. तिने वही काढून खो-खोचं विचारलं. डॉक्टरांनी एक्स-रे तिच्याकडे वळवला आणि बोट ठेवून दाखवलं, हे इथपर्यंतचे मणके जोडलेत, कमरेचे खालचे मोकळे ठेवलेत, म्हणून तुला वाकता येतंय. आत्ता चालणं आणि सहा महिन्यांनी पोहणं. खो-खोचं वर्षाचा एक्स-रे बघून ठरवू. तिने ते सगळं वहीत लिहून घेतलं, आणि खाली तारीख टाकली.