पेट्रोल वाढलं म्हणून घाटात न्यूट्रल? या चुका टाळा

पेट्रोलचे दर चढले की लोकांची काटकसर सगळ्यात आधी घाटात सुरू होते. हेळवाक सोडून कुंभार्ली घाट उतरायला लागलं की गाडी न्यूट्रल. अंगात जास्तच हुशारी असेल तर इंजिनही बंद. गिअरमध्ये उतरण्यापेक्षा यात एक थेंब जास्त वाचत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडायचे थांबतात, इंजिन चाकंच फिरवतात. न्यूट्रलला मात्र आयडलिंगसाठी, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवायला, पेट्रोल जळतच राहतं.

इंजिन बंद करणाऱ्यांचं ठरलेलं रडगाणं ऐका. आत पाच जण, टपावर सामान, पहिली दोन वळणं मजेत. पेडल हलकं करणाऱ्या ब्रेक बूस्टरमधला व्हॅक्यूम ब्रेक दोन-तीनदा दाबला की संपतो. मग पेडल दगडासारखं घट्ट, पॉवर स्टिअरिंग जड, समोर वळण. घाबरून किल्ली बाहेर ओढली तर स्टिअरिंग लॉक!

न्यूट्रलवाल्याचा बूस्टर चालू असतो, पण सगळं वजन ब्रेकवर. पायथ्याचं पोफळी येईपर्यंत जळका वास. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि आपली हवा कशी आहे ते सांगायला नको. डॉट 3 प्रकारचं ऑइल नवं असताना साधारण 205 अंशांना उकळतं, पाणी मुरलं की 140च्या आसपास. उकळलं की पेडल थेट तळाला. दोन वर्षांनी ऑइल बदला, पातळी ठीक दिसली तरी.

उतरताना दुसरा गिअर, फार तर तिसरा. ब्रेक नीट दाबा, वेग उतरला की सोडा. पेडलवर पाय ठेवून बसणाऱ्याने घाटात गाडी घेऊच नये.

टायरमध्ये 40 पीएसआय हवा भरून ॲव्हरेज वाढवणारे पावसात ओल्या रस्त्यावर घसरतात. दाराच्या चौकटीवरचा आकडा बघा, टायर थंड असताना भरा.

रिझर्व्हवर गाडी फिरवू नका. गाडीच्या टाकीतला पेट्रोल ओढणारा पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो.

पहाटे पेट्रोल ‘घट्ट’, म्हणून जास्त मिळतं म्हणतात? पेट्रोल पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिला पहाट काय न् दुपार काय.

स्वस्त पेट्रोलसाठी मुद्दाम गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी गाठणाऱ्यांनी आधी हिशोब करावा: लिटरमागे 5 रुपये सुटले तर 35 लिटरला 175. जाऊन-येऊन 40 किलोमीटर, ॲव्हरेज 16, म्हणजे अडीच लिटर रस्त्यातच गेलं. शेजारच्या बांद्यातल्यांनी खुशाल जावं.

आणि गणपतीत लावलेला टपावरचा कॅरियर दिवाळीपर्यंत तसाच असेल तर आजच काढा.