दूरदर्शनच्या गायिका: व्हीएचएस कॅसेटमधून गाणे वाचवताना

माणिक वर्मांचे भावगीत, सुलोचना चव्हाणांची लावणी, सुमन कल्याणपूर यांचे हळुवार गाणे. मुंबई दूरदर्शनवर अशी गाणी ऐकत एक पिढी मोठी झाली. केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ ला, पण घरोघरी व्हीसीआर आले ते १९८२ च्या एशियाडनंतर. म्हणून घरात व्हीएचएस कॅसेटवर सापडणारे मुद्रण बहुधा त्यानंतरचे असते. ते संगणकावर घेताना लोक चित्राकडे बघतात आणि आवाज हातचा जातो. गायिकेच्या कार्यक्रमात काळजी आवाजाची आधी घ्या.

व्हीएचएसच्या अर्धा इंच रुंद फितीवर चित्र मधल्या भागात तिरक्या रेघांनी असते. साध्या व्हीसीआरवरचा आवाज मात्र वरच्या कडेच्या जेमतेम १ मिलिमीटर पट्टीत बसलेला असतो. कड मुडपली, चुरगळली, की चित्र ठीक आणि आवाज लटपटता, असे होते. शिवाय ही फीत सेकंदाला सुमारे २.३४ सेंटिमीटर सरकते, म्हणजे ऑडिओ कॅसेटच्या निम्म्या वेगाने. त्यामुळे उंच स्वरांचे बारकावे मुळातच कमी उतरलेले असतात. जे आहे ते तरी सांडू नये.

कॅसेट लावण्याआधी खिडकीतून गुंडाळी बघा. पांढरट भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती हमखास धरते. अशी कॅसेट चालवू नका, कारण बुरशी हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. ती सिलिका जेलसोबत बंद डब्यात वेगळी ठेवा आणि फीत साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्या. चांगल्या कॅसेटच्या पाठीकडची छोटी प्लास्टिकची टिकली तोडा, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षे चिकटून बसलेली फीत सैल होते.

हेड पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ शॅमॉय चामडे वापरा. कापसाचे बोळे नकोत, तंतू अडकतात. चित्राचे हेड ज्यावर बसवलेले असतात त्या गोल ड्रमला चामडे टेकवून धरा आणि ड्रम हाताने हळूच फिरवा. वर-खाली घासले तर हेड तुटते.

आता ऐका. आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो का? बऱ्याचदा कारण असे, की ज्या व्हीसीआरवर मुद्रण झाले त्याच्या आवाजाच्या हेडचा कल तुमच्या यंत्रापेक्षा किंचित वेगळा होता. त्या हेडजवळ कल बदलणारा बारीक स्क्रू असतो. मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा आणि स्क्रू अगदी केसभर फिरवत राहा. कान ठेवा गायिकेच्या ‘स’ आणि ‘श’वर, आणि तानपुऱ्याच्या जवारीवर, म्हणजे तारांच्या झणझणत्या नादावर. जवारी उघडली की तिथेच थांबा. शेजारचे स्क्रू हलवू नका. ट्रॅकिंगचा हेडही त्याच जोडकामात असतो, चित्रही बिघडेल.

संगणकावर घेताना ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झ, कॉम्प्रेस न करता. चित्राला हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ वापरा, या पद्धतींत साठवताना चित्रातले काही गळत नाही. तासाला साधारण ३० जीबी जागा धरा. व्हीसीआर संगणकाला जोडणाऱ्या स्वस्त यूएसबी काडीने फ्रेम गळतात आणि गाणे संपेपर्यंत ओठ आणि शब्द वेगळे चालतात. मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे डळमळणारा सिग्नल सावरणारे यंत्र, जोडला, तर हे बहुतांशी टळते. अमेरिकेतल्या नातलगांकडे गेलेली कॅसेट तिथल्या एनटीएससी पद्धतीच्या साध्या व्हीसीआरवर चालणार नाही, आपल्याकडच्या ‘पाल’ (PAL) पद्धतीचे यंत्रच लागेल. शेवटच्या प्रतीसाठी ५० फ्रेमचे डीइंटरलेसिंग करा, म्हणजे प्रत्येक फ्रेममधल्या दोन अर्ध्या चित्रांच्या दोन पूर्ण फ्रेम होतात. २५ वर आणले तर हार्मोनियमवरची बोटे अडखळतात.

खरखर काढताना सगळ्यात मोठी चूक इथे होते. सॉफ्टवेअरला ‘शांत’ जागेचा नमुना द्यावा लागतो. गाणे सुरू होण्याआधीच्या त्या जागेत तानपुरा वाजत असतो, आणि मग सॉफ्टवेअर तानपुराच पुसून टाकते. गायिका उघड्यावर पडल्यासारखी ऐकू येते. नमुना निवेदनाआधीचा, वाद्य नसलेला घ्या. टीव्हीच्या चित्राच्या रेघांमुळे येणारी १५,६२५ हर्ट्झची शीळ नॉच फिल्टरने, म्हणजे तेवढाच स्वर कापणाऱ्या फिल्टरने, काढा. खालचे स्वर कापायचे तर ६० हर्ट्झपर्यंतच कापा, त्याहून वर गेलात तर डग्ग्याचा घुमारा जातो. दोन ओळींमध्ये खरखर फुगलेली वाटली तर तो व्हीसीआरचा आपोआप आवाज वाढवण्याचा गुण आहे. तिथे आवाज हाताने किंचित उतरवा, बाकी सोडा.

नोंद करताना नाव केवळ कानावरून लिहू नका. सुमन कल्याणपूर यांचा आवाज लताबाईंचा म्हणून किती वर्षे ऐकला गेला! श्रेयनामावली थांबवून वाचा. ध्वनिमुद्रिकेतली गायिका आणि पडद्यावर गाणारी गायिका वेगळी असू शकते, हेही पाहा. माहेरचे नावही लिहा: माणिक वर्मा आधी माणिक दादरकर होत्या, गोव्याच्या ज्योत्स्ना भोळे आधी दुर्गा केळेकर. कवी, संगीतकार, तबला-हार्मोनियमचे साथीदार, सगळे नोंदवा.

काम झाले तरी मूळ कॅसेट टाकू नका. पूर्ण गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवा.