स्टार क्लोजर विकायचा की ठेवायचा? वाद घालताना या चुका टाळा

जुलै संपत आला की बेसबॉल बघणाऱ्या प्रत्येक घरात एकच भांडण असतं. ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत तोंडावर आलेली असते, आपला संघ धड पहिलाही नसतो आणि धड शेवटचाही नसतो. मग कुणीतरी पिल्लू सोडून देतं, ‘क्लोजरला विकून टाका, चांगली पोरं मिळतील.’ क्लोजर म्हणजे आघाडी राखायला शेवटच्या, नवव्या इनिंगला येणारा बॉलर. पुढचे दोन तास चहा गार होतो. मी मिलवॉकीच्या बाजूचा, तिथल्या ब्रूअर्स संघाचा. त्यामुळे या विषयावर तोंडघशी पडायचा अनुभव दांडगा आहे.

क्लोजरला बुमराह समजणं

आपल्या लोकांची ही खास चूक. क्रिकेटमधून आलेला माणूस म्हणतो, ‘डेथ ओव्हरचा बॉलर कुणी विकतं का?’ पण हिशेब मांडून बघा. टी-ट्वेंटीत बुमराह 120 पैकी 24 चेंडू टाकतो, म्हणजे डावाचा पाचवा हिस्सा, आणि त्यात पॉवरप्लेही येतो. बेसबॉलचा क्लोजर 162 सामन्यांच्या हंगामात साधारण 60 ते 70 इनिंग टाकतो. संघाला टाकाव्या लागतात चौदाशेहून जास्त, कारण सामन्याला नऊ इनिंग. म्हणजे हिस्सा पाच टक्क्यांच्याही आतला.

त्या इनिंग मोक्याच्या असतात, हे खरंच. पण ‘तो गेला की संघ बसला’ हे वाक्य कोपऱ्यात ठेवा. शिवाय प्लेऑफमध्ये गणित बदलतं. तिथे मध्ये सुट्ट्या जास्त, त्यामुळे तोच माणूस जास्त वेळा आणि जास्त लांब टाकू शकतो. म्हणूनच प्लेऑफला जाणारा संघ त्याच्यासाठी वेड्यासारखी किंमत मोजतो आणि घरी बसणाऱ्या संघाकडे तोच माणूस शोभेची वस्तू होऊन राहतो.

सेव्ह मोजत बसणं

सेव्ह म्हणजे आघाडी राखून सामना संपवल्याचं श्रेय. हा आकडा 1969 पासून अधिकृत झाला. तीन धावांची आघाडी असताना नवव्या इनिंगला आलात, तळाच्या तीन बॅटरना बाद केलंत, की सेव्ह तुमच्या नावावर. आठव्या इनिंगला बेस भरलेले (म्हणजे तीन जण धाव काढायला टपलेले) असताना समोरच्या संघाचे सर्वांत धोकादायक बॅटर ज्याने परतवले, त्याला सेव्ह नाही. 2016 मध्ये क्लीव्हलँडचा मॅनेजर टेरी फ्रँकोनाने आपला बॉलर अँड्र्यू मिलरला पाचव्या-सहाव्या इनिंगलाही आणलं, आणि मिलर अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सेव्हचा आकडा बघून किंमत लावणाऱ्याला हा माणूस दिसलाच नसता. त्यापेक्षा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) किती, वॉक (बॅटरला फुकट दिलेला बेस) किती, आणि वेग टिकून आहे का, एवढं बघा.

कॅलेंडर न बघता गुणांवर बोलणं

ही चूक सर्वांत जास्त होते. ‘तो किती भारी आहे’ यावर अर्धा तास जातो. ‘तो अजून किती दिवस आपला आहे’ हे कुणी विचारत नाही. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा झाली की खेळाडू हव्या त्या संघाशी करार करायला मोकळा होतो. ट्रेडमध्ये विकली जाते ती या उरलेल्या वर्षांची मालकी.

2016 चा न्यूयॉर्क यांकीजचा जुलै यासाठी आठवावा. 25 तारखेला त्यांनी क्लोजर अरॉल्डिस चॅपमन शिकागो कब्सला दिला. त्याच्या कराराचे जेमतेम दोन-तीन महिने उरले होते. कब्सने तरीही ग्लेबर टोरेससह चार जण दिले, कारण त्यांना जेतेपदाचा 108 वर्षांचा दुष्काळ संपवायचा होता. तो संपलाही. जेतेपदाच्या मालिकेत, म्हणजे वर्ल्ड सिरीजमध्ये, सातव्या सामन्यात चॅपमनने क्लीव्हलँडच्या राजाय डेव्हिसला बरोबरीचा होम रन (बेसबॉलचा षटकार) दिला, अख्ख्या शिकागोचा श्वास अडकला, पण वर्ल्ड सिरीज आली. टोरेस पुढे यांकीजकडून दोनदा ऑलस्टार झाला. आणि त्याच डिसेंबरात यांकीजने चॅपमनला पाच वर्षांसाठी 8 कोटी 60 लाख डॉलर देऊन परत घरी आणलं. माल विकला, पैसे घेतले, मालही परत आला!

चॅपमननंतर सहाच दिवसांनी त्यांनी मिलरला क्लीव्हलँडला दिलं. त्याचा करार 2018 पर्यंतचा. बदल्यात क्लिंट फ्रेझर आणि जस्टस शेफील्ड ही त्या वेळची मोठी नावं मिळाली. फ्रेझर यांकीजमध्ये कधी नीट रुजला नाही. म्हणजे कॅलेंडरवरून भाव कळतो, नशीब कळत नाही. पण भावच माहीत नसेल तर वाद कशाचा घालणार? 2025 मध्ये ॲथलेटिक्स संघाने दुसरा एक मिलर, क्लोजर मेसन मिलर, सॅन डिएगोच्या पाद्रेसला दिला तेव्हा लिओ डे व्रीससारखा अठरा वर्षांचा हिरा मिळाला, कारण या मिलरवर 2029 पर्यंत हक्क होता.

दुसऱ्या दिवशी निकाल लावणं

इथे मी स्वतः आरोपी आहे. 1 ऑगस्ट 2022, सोमवार. ब्रूअर्स आपल्या गटात तीन सामन्यांनी पुढे, आणि दुपारी बातमी आली की आमचा क्लोजर जॉश हेडर पाद्रेसला गेला. पहिल्या नंबरावरचा संघ स्वतःचा क्लोजर विकतो? मी ऑफिसात उभा राहून बडबडलो. बदल्यात टेलर रॉजर्स, डिनेल्सन लॅमेट, एस्टेउरी रुइझ आणि रॉबर्ट गॅसर. लॅमेटला तर दोन दिवसांत यादीतून काढून टाकलं. संघ लगेच पिट्सबर्गला गेला आणि तिन्ही सामने हरला. हंगाम संपला तेव्हा 86 विजय, प्लेऑफची शेवटची जागा एका सामन्याने हुकली. मी सगळ्यांना ‘सांगितलं होतं ना’ म्हणत फिरलो.

जुलैत हेडरची गाडी घसरली होती, हे तेव्हा मी सोयीस्करपणे विसरलो. 15 जुलैला सॅन फ्रान्सिस्कोत त्याने एकाच इनिंगमध्ये तीन होम रन दिले होते, शेवटचा माइक यास्ट्रझेम्स्कीचा ग्रँड स्लॅम (चार धावांचा होम रन), सामना तिथेच संपला. आणि 2023 साठी त्याचा पगार 1 कोटी 41 लाख डॉलरवर जाणार होता. छोट्या बाजारपेठेच्या संघाला 60 इनिंगसाठी एवढे पैसे परवडत नाहीत.

खरी गंमत डिसेंबरात झाली. तीन संघांच्या व्यवहारात ब्रूअर्सनी रुइझ ॲथलेटिक्सकडे पाठवला आणि त्यांच्या हातात विल्यम कॉन्ट्रेरास हा कॅचर पडला, शिवाय जोएल पायाम्प्स हा रिलीव्हरही (मधेच उतरणारा राखीव बॉलर). क्लोजरच्या जागी डेव्हिन विल्यम्स होताच. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी गट जिंकला. तरी ऑगस्टमधला माझा राग पूर्ण चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. एका विजयाने हुकलेला प्लेऑफ हाही हिशेबातच धरायला हवा, आणि ड्रेसिंगरूममधल्या मनाचा भाव कुठल्या तक्त्यात बसत नाही.

मथळ्यातली नावंच बघणं

5 एप्रिल 2015, हंगामाच्या तोंडावर अटलांटा ब्रेव्ह्जनी क्लोजर क्रेग किंब्रेल पाद्रेसला दिला. सोबत मेल्विन अप्टनचा महागडा करारही त्यांच्या गळ्यात घातला. आलेल्या नावांवर सगळे बोलले. त्याच व्यवहारात ड्राफ्टमधली (नव्या पोरांच्या वार्षिक निवडीतली) 41 वी निवड होती, तिच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. त्या निवडीतून ऑस्टिन राइली आला, आणि 2021 मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या ब्रेव्ह्जचा थर्ड बेसमन तोच होता.

घाबरून विकत घेणं

ही चूक घेणाऱ्याची. 1997 मध्ये सिअॅटलचा बुलपेन, म्हणजे राखीव बॉलरांचा ताफा, गळत होता. मुदतीच्या दिवशी त्यांनी बॉस्टनकडून क्लोजर हीथक्लिफ स्लोकम घेतला आणि डेरेक लो व जेसन व्हॅरिटेक दिले. 2004 मध्ये बॉस्टनने जेतेपद मिळवलं तेव्हा तिन्ही मालिकांचे निर्णायक सामने लोच्या नावावर होते आणि मागे कॅचर व्हॅरिटेक. यावर आणखी काही बोलायला नको.

वाद अडकला तर

समोरचा माणूस ऐकत नसेल तर त्याला एवढंच विचारा: याच्यानंतर नववी इनिंग कोण टाकणार? नाव लगेच आलं तर विकण्यात तथ्य आहे. नाव येत नसेल आणि संघ शर्यतीत असेल, तर ठेवा.

डिसेंबर 2024 मध्ये ब्रूअर्सनी विल्यम्सलाही यांकीजला विकलं, नेस्टर कोर्टेस आणि केलेब डर्बिन घेऊन. या वेळी मी गप्प बसलो. नाव तयार होतं, ट्रेव्हर मेगिल. 2025 च्या ऑगस्टअखेर तो दुखापतीने बसला तेव्हा अब्नर उरिबे पुढे आला. 97 विजय, लीगमध्ये सर्वांत जास्त. मग लॉस एंजेलिस डॉजर्सनी नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत 4-0 ने धुतलं. चारही सामन्यांत आमच्या बॅटरनी प्रत्येकी एकच धाव काढली, आणि नवव्या इनिंगला राखायला आघाडीच नव्हती.